तिसरा पुकारा

कोर्टाच्या व्हरांड्यात मी माझ्या पुकाऱ्याची वाट बघत होते. शेजारी दोघी बोलत होत्या.

“अक्का, तुमचं कोण?”

“मुलगा, निमलन. लष्करानं उचलून नेला, त्याला सोळा वर्षं झाली. कोर्टाचा हुकूम आहे, पोराला समोर उभं करा.”

“मग?”

“समोरच्या बाकावरचे ते लष्कराचे साहेब दर तारखेला येतात. शपथेवर सांगतात, असा मुलगा आम्ही पाहिलाच नाही. की पुढची तारीख.”

“मग कशाला येता इतक्या लांब, वावुनियाहून?”

“शिपाई तीनदा त्याचं नाव पुकारतो ना. घरात आता कुणी घेत नाही.”

“तुम्ही ओ देता?”

“मी कशाला? पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नसते, भलतंच कुणी हाक मारत असतं. तिसरीला द्यायची. लहानपणी मीच शिकवलंय त्याला.”

“नका हो अक्का, काटा येतो अंगावर.”

शिपाई दारात आला.

“निमलन सेल्वरासा! निमलन सेल्वरासा! निमलन सेल्वरासा!”

“आलो,” व्हरांड्याच्या टोकाकडून आवाज आला.

तिथं कुणीच नव्हतं. समोरचे साहेब मात्र ताडकन उठले होते.

“बसा, साहेब,” म्हातारी म्हणाली. “तुम्ही तर त्याला पाहिलेलंच नाही.”