लॅचमध्ये फिरलेली किल्ली

तुम्ही भुताच्या गोष्टी काय सांगता, माझे हातपाय शंकर नगरच्या क्वार्टरात भर दुपारी गार पडले होते.

नवीन राज्य झालं, मी भोपाळहून नव्या राजधानीत बदलून आलो, अन् हे सरकारी क्वार्टर मिळालं. बायको-पोट्टे दुसऱ्या दिवशी सामानासकट येणार होते. ऑफिसातला विनू अन् मी दार लावून वाद घालून राहिलो होतो, एका जुन्या सस्पेन्सवाल्या डायरेक्टरचा सगळ्यात भारी पिक्चर कोणता.

मी म्हटलं, "ज्यात खुनी पहिल्यापासून समोर असते, तो."

"हट्! ज्यात खुनी दिसतच नाही, नुसतं दार हलते, तो."

तेवढ्यात आमच्या लॅचमध्ये बाहेरून किल्ली फिरली.

ऑफिसनं किल्ली एकच म्हणून दिली होती, अन् ती माझ्या खिशात. विनूनं माझं मनगट असं दाबलं का बोटं उमटली. दार हळूच उघडलं. सुटकेसवाला एक माणूस, तोही पांढराफटक.

"भैया, आप लोग मेरे क्वार्टर में कैसे?"

त्यानं अलॉटमेंटचा कागद पुढे केला. क्वार्टर नंबर माझा, नाव त्याचं, तारीख माझ्या कागदाच्या नंतरची.

विनू माझ्या कानात म्हणे, "भाऊ, खुनी असता तं दोघांनी मिळून हाकलला असता. याच्याजवळ तं सरकारी शिक्का आहे."