प्रॉबेबली हीच दाढ

त्या मुलुंडच्या दातांच्या डॉक्टरचं नाव माझ्यासमोर काढू नका गं. दाढ ठणकत होती म्हणून गेले, तर त्याने तोंडात इकडेतिकडे ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "प्रॉबेबली हीच काढावी लागेल."

मी नर्सला विचारलं, "प्रॉबेबली म्हणजे काय गं?"

"म्हणजे बहुतेक हीच, मावशी."

मी खुर्चीतून ताडकन उठले. "बहुतेक? आणि चांगली दाढ उपटलीस तर परत उगवून देणार आहेस का रे?"

तो शांतपणे म्हणाला, "मग तुम्हीच नक्की कुठली ते दाखवा."

मी बाजूच्या दाढेवर बोट दाबलं. "ही! शंभर टक्के ही!"

"मावशी, ती खोटी आहे. गेल्या वर्षी मीच बसवली."