मोठ्याच्या हाती नारळ

"हॅलो?… हॅलो, चिखल्याचा दवाखाना?… मी भंडाऱ्यावरून बोलून राहिलो. रुखमाबाई नर्स आहेत काय?… तुमीच काय? वहिनी, मी नत्थू. भैयाजी ठेकेदाराकडचा नत्थू."

सिमेंटच्या दुकानातला फोन नत्थूने दोन्ही हातांनी धरला होता. सकाळी लावलेला ट्रंक कॉल दुपार कलल्यावर लागला होता.

"इश्वरभाऊ कुठं आहेत?… खाणीत? खाली?… बरं झालं. नाई नाई, अपघात नाई जी, ऐका ना. तुमचे भासरे तिकडे येऊन राहिले. हो, दादाजी… यष्टीनं… खुशीनं नाई, वहिनी. कुऱ्हाड घेऊन निघाले. तुमच्या जाऊबाई, गोदावरीबाई, रडत आल्या मले सांगाले… काहून म्हणजे… माह्याच हातानं झालं."

नत्थूचं काम तसं सोपं. नगरपालिकेच्या फळ्यावर घरबांधणीच्या परवानग्या लागल्या की नावं वाचायची आणि दुसरा ठेकेदार पोचायच्या आत नारळ घेऊन त्या घरी जायचं. नारळ घरातल्या मोठ्याच्याच हाती द्यायचा, ही भैयाजींची शिस्त. आज इश्वरचं नाव वाचून तो तसाच गेला आणि थोरल्या भावाच्या हाती नारळ ठेवून बसला. थोरल्याला कशाचा पत्ताच नव्हता.

"वरून पेढेही मागतले मी… मले काय ठाऊक जी, सामाईक जागेवर तुमी एकट्याच्या नावानं… हो, हो, सांगणारच होते ते. पण आता कोण ऐकते?… नाई, भांडले नाई. चहा पाजला मले. एक शब्द बोलले नाई, त्याचंच तर भेव वाटते… ऐका, वहिनी, गेटवर निरोप धाडा. इश्वरभाऊले वर येऊच देऊ नका. आज खालीच राहू द्या… तुमीही क्वार्टरवर जाऊ नका… हॅलो? काय झालं?… कोण आलं?"

रुखमाचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"दारात?… हातात आहे काय?… पोत्यात गुंडाळली… तुमी दूर राहा. फोन त्याइले द्या… दादाजी, राम राम. हो, मीच… नाई, मी कायले घाबरू… विचारा ना."

दादाजी एकच गोष्ट विचारत होता. फळ्यावरच्या कागदावर त्याचं नाव होतं की नव्हतं? त्याला वाचता येत नव्हतं, आणि घरच्या गोष्टीत परक्याला काय विचारायचं म्हणून तो तसाच बसमध्ये चढला होता. नत्थूने कागद नीट वाचला होता. दादाजीचं नाव त्यावर नव्हतं.

"होतं, दादाजी… दोघायचं होतं. तुमचं वरतं, इश्वरभाऊचं खालतं… मी धाकट्याचंच बोललो, माही चूक… मायची आन, होतं… आता रडू नका जी."

नत्थूने कपाळावरचा घाम पुसला. खोटी शपथ घेतल्याचं त्याला काही वाटलं नाही. मग पुन्हा रुखमाचा आवाज आला.

"ऐकलं ना, वहिनी, मी काय बोललो ते?… कुठं गेले?… गेटवर? भावाले गळ्याशी लावाले?… थांबा, हा भोंगा कायचा वाजून राहिला?… पाळी सुटली?"

इश्वर आता वर येणार, समोर थोरल्याला पाहणार आणि माफी मागायला तोंड उघडणार. भावाचं नाव आपण घातलं नाही, हे तो पहिल्याच वाक्यात बोलून बसणार.

"कुऱ्हाड ठेवली काय तिथं?… संगच नेली?… धावा, वहिनी. चपला राहू द्या, धावा. आधी तुमी बोला, त्याइले बोलू देऊ नका… वहिनी?"

पलीकडे फोन टेबलावर पडल्याचा आवाज आला. मग फक्त भोंगा, आणि मध्येच एक्स्चेंजवाली बाई बोलली.

"नाई ताई, बोलणं झालं नाई… हो, समजलं, तिकडे कोणी नाई. तरी लाइन कापू नका."