समद्यांला बोलवा, मंग सुरू करतो

उतर खाली, ठेव तो माईक, असं तिथला म्हातारा पाटील समद्या पत्र्याच्या शेडांला ऐकू जाईल असा वरडला, तवा माझ्या ध्यानात आलं, हमीद, तू काय बोलून बसलास.

काय सांगू तुम्हाला, मी मूळचा नांदेडचा, बाप बांगड्या विकायचा, त्यानं भोकरच्या बाजारात हाळी दिली की नायगावात बायका हात पुढं करायच्या, तोच गळा माझ्यात उतरला. लातूरला केबल आली आन् मी तिच्यावर दर रविवारी कार्यक्रम करू लागलो, गाणी, नकला, कोडी, त्या टायमाला रस्त्यावर कुत्रं दिसायचं न्हाई, तेबी कुणाच्या तरी टीव्हीपुढं बसलेलं. आता त्याच टायमाला केबलवर कोचिंगचे सर फळ्यावर गणितं सोडवतात, गावोगावची पोरं डोळे फाडून बघून राहिलीत, आन् मी घरी. ऱ्हाऊ द्या, त्या दिवसाचं सांगतो.

भूकंप होऊन गेलता, किल्लारीकडची माणसं शेडात ऱ्हात होती, त्यांला जरा हसवा म्हणून मला बोलावलं. आता माझी सवय अशी, दर रविवारी पहिलं वाक्य एकच, घरातल्या समद्यांला बोलवा, मंग सुरू करतो. जिभेला बसलेलं, तिथंबी तेच निघालं. ज्यांच्या घरातली निम्मी माणसं मातीखाली गेली त्यांच्यापुढं. पाटील वरडला ते बरोबरच. मी माईक ठेवला, म्हणलं या अल्ला, हे तोंड आता पुन्हा उघडायचं न्हाई, उद्यापासून बापाच्या बांगड्या विकायच्या.

तेवढ्यात पुढं बसलेली एक म्हातारी उठली, पाटलाला म्हणली, गप ऱ्हा दादा, बोलवू दे की. आन् पदर सावरून, मागं तोंड करून हाका मारू लागली, ये गोदे, ये नामदेवा, तानू, लेकराला कडेवर घे ग, मामंजी या, आन् मालकाचं नाव कसं घ्यावं, तर आवाज खाली करून, आवं, या की. मंग दुसरी उठली, तिसरा उठला, खुद्द पाटलानं दोन नावं घेतली. तासभर हाका चालल्या असतील. लाखाच्या सभा पाह्यल्या मी, पर एवढी गर्दी कुठं पाह्यली न्हाई, खरं सांगतो, मला पाय ठेवायला जागा दिसंना.

म्हातारी बसली, म्हणली, कर सुरू.

असा कार्यक्रम मी जन्मात केला न्हाई, माणसं डोळे पुसत हसली. संपल्यावर तिच्या पायाशी बसलो, इचारलं, आजी, हसले का समदे.

तिनं पानाला चुना लावला. म्हणली, समदे हसले, मालक न्हाई. त्यांला पहिल्यापासूनच हसू येत न्हाई.