लेकीचं स्टेशन

मेट्रोत माझ्या समोर एक वयस्कर जोडपं बसलं होतं. गृहस्थ सारखे पिशवीची गाठ सोडत होते, बांधत होते.

"अहो, आपण चढलो ते स्टेशन परत आलं!"

"सगळी सारखीच दिसतात गं."

"ही गाडी गोल फिरते, पोरीने बजावून सांगितलं होतं. तिचं स्टेशन चुकवलंत तुम्ही."

"दारात गर्दी होती."

"चिटपाखरू नव्हतं! उठलात, दारापर्यंत गेलात आणि परत येऊन बसलात."

"पायात गोळा आला."

"पायाला काही झालेलं नाही. लग्नाला गेला नाहीत, आता जावयाला कुठल्या तोंडाने भेटायचं, हा घोर लागलाय तुम्हाला."

"एवढं कळतंय, तर तू का नाही उतरलीस?"

"तुम्हाला सोडून? बसला असतात दिवसभर गोल गोल फिरत."

"आता उतरू. नक्की."

"थांबा, फोन वाजतोय. हं, बोल गं. अगं बाई! बरं, सांगते."

"काय म्हणते?"

"फलाटावरच उभी होती. तुम्ही दारातून मागे फिरलात, ते काचेतून पाहिलं तिने."

"रागावली?"

"म्हणाली, बाबांना उठवू नकोस. या खेपेला आम्ही दोघंच आत चढतो."