मुकुलचं वाकडं बोट

"मास्तरांनी पोराचं बोट तोड—" एवढंच ऐकलंत ना गिरणीवर? आणि तुम्हाला बघून बायका गप्प झाल्या. होणारच, मुलीकडचा माणूस स्थळाच्या चौकशीला आला की आमची आळी मुकी होते. बसा भाऊ. मी मास्तरांच्या घराला लागूनची शेजारीण, भिंत एकच आमची — मला विचारा. बोट तोडलेलं नाय. जागेवर हाय. वाकडं हाय, नख नाय, पण हाय.

आधी शरच्चंद्र मास्तर कोण ते ऐका, नायतर भलतंच समजाल. आणीबाणीत ह्या माणसानं बाजारपेठेत मोर्चा काढला — मागणं काय, तर निवडणूक घ्या, आम्हाला मत देऊ द्या. शिपायांनी गटारात पाडलं, उजवा हात दगडावर धरला आणि बंदुकीच्या दस्त्यानं ठेचला. मी दुकानाच्या फळीमागून बघत होते. ओला बांबू फुटावा तसा आवाज. वर तुरुंग. सुटून आले तेव्हा भात कालवता येईना, बायको, आमची चारुशीलावहिनी, भरवायची. पण मतदान आलं की मास्तर रांगेत पहिले, आणि डाव्या हाताच्या बोटाची शाई जाईपर्यंत दाखवत फिरायचे — सणच त्या घरात तो.

आणि मुकुल, एकुलता एक, अठ्ठ्याण्णवला कुणा पुढाऱ्याच्या नादी लागला. वाईट नाय हो, भोळा हाय. मत देऊन आला आणि मागच्या पडवीत पपईच्या चिकानं शाई घासत बसला — मेलेल्यांच्या नावावर परत द्यायचं होतं ना. मास्तरांनी बघितलं. नुसते खाली बसले. मारायला हात उठला तो वहिनीचा. खलातला बत्ता उचलला, त्याचं बोट पायरीवर दाबलं आणि घातला — एकदा, परत एकदा — "बापाचा हात ह्यासाठी ठेचला काय रे?" रक्त माझ्या वाळत घातलेल्या लुगड्यावर उडालं. मास्तरांनीच तिला मागं ओढली, पोराला दवाखान्यात नेला, आणि गावात सांगितलं, मी मारलं म्हणून. बायकोचं नाव कशाला—

हे मी बोलायला नको होतं. तुमची पोर वल्लरी उद्या तिच्याच हाताखाली नांदायची... पण भाऊ, पोरानं तो पुढारी सोडला. यंदा बापाच्या मागं रांगेत उभा होता, मी बघितला. तेवढं धरा की मनात. असे उठू नका.

गप्प. वहिनीच येतेय. — काय नाय गो वहिनी, पावणे तुमचं घर विचारत होते. जा हो भाऊ, ते पलीकडचं दार.