तेल पाजलेली काठी

हासू नका बे, युनोची फौज म्या चिखलीच्या होस्टेलात पाह्यली हाय!

आमचे रेक्टर म्हणजे गाझात शांतिसेनेत राहून आलेले सुभेदार, डोक्यावर अजून युनोची निळी टोपी. कॉलेजच्या निवडणुकीवरून आम्ही अमडापूरवाले अन् गणपतचे सुलतानपूरवाले काठ्या घेऊन अंगणात उतरलो, त सुभेदारसाहेब रिकाम्या हातानं मधात येऊन उभे राह्यले.

"साहेब, तुम्ही कोणाकडून?" म्या विचारलं.

"कोणाकडूनच नाही. तुमच्या काठ्या ते सांभाळतीन, त्यायच्या तुम्ही. एक बी काठी मोडली, त सगळ्यायले घरी पाठोतो."

माह्या बापाची काठी गणपतच्या खोलीत गेली.

आठ रोजानं निवडणूक झाली. गणपत जिंकला, मी पडलो. अंगाची नुसती आग! तसाच त्याच्या दारात गेलो.

"माही काठी दे!"

त्यानं काढली, त काठी आरशावानी चमकून राह्यली.

"हे काय बे?"

"कोरडी पडली होती. एवढी चांगली काठी तडकली असती ना! रोज तेल पाजलं."

आता हे काठी त्याच्याच डोक्यात कशी घालू?

पुढच्या साली त्याच काठीले झेंडा बांधला अन् गणपतले म्या निवडून आणलं!